जिलबीचं एक कडं आणि रात्रीचा गुळाचा खडा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सत्तेचाळीस वर्षांची, नाशिकला इंदिरानगरात राहते. चौदा महिन्यांपूर्वी माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, गॅस्ट्रिक बायपास. तेव्हा ११६ किलो होते आणि मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू होत्या. मध्ये ७७ वर आले होते, आज ७९ आहे. गोळ्या बंद आहेत आणि पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढते. तेव्हा ऑपरेशनबद्दल तक्रार नाही. तक्रार माझ्या जिभेबद्दल आहे.

पहिले सहा महिने गोड नकोसंच झालं होतं. मला वाटलं, सुटले. पण ते परत आलं. मागच्या रविवारी आम्ही सगळे गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो. गर्दी होती, मिसळ यायला वेळ होता, जिलबी मात्र आधी आली. पोटात सकाळपासून काही नव्हतं. एक कडं खाल्लं, वर पाणी प्यायले. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामाने ब्लाऊज भिजला, पोटात कळ आली. गाडीत मागच्या सीटवर आडवी झाले. ह्यांना वाटलं अटॅकच आला. ईसीजी काढला, नॉर्मल निघाला.

हे घरच्यांना माहीत आहे. माहीत नाही ते असं की रात्री सगळे झोपले की साडेअकराच्या सुमारास मी ओट्यापाशी उभी राहून गुळाचा खडा खाते, कधी चहात बुडवून चार बिस्किटं. त्याने जिलबीसारखं काही होत नाही. पण रात्री दीड-दोनला घामाने जाग येते, हात थरथरतात. मी समजत होते पाळी जायचं वय आहे. चिमूटभर साखर तोंडात टाकली की पाच मिनिटांत बरं वाटतं. म्हणजे माझ्या शरीरालाच साखर हवी असणार ना?

सासूबाई म्हणतात, पांढरी साखर सोड, गूळ खा. मुलगी म्हणते, शुगर-फ्री आणून देते. पुढच्या महिन्यात धोंड्याच्या जेवणाला लेक-जावई येणार, अनारसे मीच करणार. आयुष्यभर गोड बंद का, ते एकदा स्पष्ट सांगा.

एक गोडघाशी, इंदिरानगर



प्रिय गोडघाशी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा जिलबी दिसली, दुसऱ्यांदा गूळ. जिलबीचा प्रसंग घाबरवणारा असला तरी समजायला सोपा आहे. गुंता रात्रीच्या ओट्यापाशी आहे.

आधी जिलबी. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हा आकडा आपल्याला कळत नाही. आपण विचारतो, गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की गळ्याशी? जठर म्हणजे तुमच्या पोटातलं गंगापूर. खाल्लेलं तिथे साठायचं, घुसळलं जायचं आणि खालच्या दरवाजातून थोडं थोडं आतड्यात सुटायचं. बायपासमध्ये सर्जननी वरचा एक छोटासा कप्पा वेगळा केला, साधारण ३० मिलिलिटरचा, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढा, आणि तो थेट लहान आतड्याला जोडला. धरण बाजूला पडलं, त्याचा दरवाजाही बाजूला पडला. भाकरी, उसळ असलं घट्ट अन्न चावून खाल्लं तर बेताबेताने उतरतं. पाक उतरत नाही, लोंढ्यासारखा येतो. तुम्ही तर वरून पाणी पिऊन त्याला आणखी ढकललंत.

इतकी साखर आतड्यात एकदम आली की ती पातळ करायला शरीर रक्तातलं पाणी तिकडे ओढतं. आतडं ताणलं जातं, कळ येते, गुडगुडतं, जुलाबही होतात. इकडे रक्तातलं पाणी घटलं म्हणून हृदय धावत सुटतं, दरदरून घाम येतो, चक्कर येते. आतड्यातून सुटणारी काही संप्रेरकंही यात भर घालतात. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. खाल्ल्यापासून दहा मिनिटं ते अर्ध्या तासात सुरू होतं, फार तर तासाभरात. त्या वेळी आडवं पडायचं, घोट घोट पाणी नंतर घ्यायचं, ते ओसरतं. ईसीजी काढलात ते उत्तम केलंत. छातीत दुखलं तर ‘जिलबीचंच असेल’ असा निकाल घरबसल्या लावायचा नाही. तसंच बायपास झालेल्या माणसाच्या पोटात जोराचं दुखू लागलं आणि थांबेना, उलट्या होऊ लागल्या, तर तो डंपिंगचा विषय नसतो. सरळ सर्जनला गाठायचं.

(‘स्लीव्ह’ हे वजनाचं दुसरं ऑपरेशन झालेल्यांनी इथे हसू नये. तुमचं जठर तीन चतुर्थांशाहून जास्त कापून त्याची नळी केलेली असते. खालचा दरवाजा शाबूत असला तरी त्या नळीतून अन्न पूर्वीपेक्षा लवकर पुढे सरकतं. डंपिंग तुमच्यातही होतं, प्रमाण कमी, इतकंच. आणि ज्यांना ते अजिबात होत नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते. त्यांच्या घरात घंटा वाजतच नाही, आणि पेढ्याचा पुडा कधी रिकामा झाला ते कळत नाही.)

आता रात्रीचं. रात्री जिलबीसारखा गोंधळ का होत नाही? एक तर खडा लहान असतो, आणि तो खाऊन तुम्ही लगेच आडव्या होता. आडवं झालं की अन्न पुढे सरकायचा वेग मंदावतो. पण साखर तरीही भरभर रक्तात जाते आणि स्वादुपिंड गडबडतं. समोर आलेल्या साखरेला जेवढं इन्शुलिन पुरलं असतं त्याहून बरंच जास्त ते सोडतं. तास-दोन तासांनी गूळ संपलेला असतो, इन्शुलिन मात्र कामावरच असतं. मग रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाते. घाम, थरथर, धडधड, डोकं सुन्न, प्रचंड भूक. हे उशिराचं डंपिंग. खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी येतं, आणि बायपासनंतर साधारण वर्ष उलटल्यावर त्याचा त्रास जाणवू लागतो. तुमचे चौदा महिने झालेत. खडा साडेअकराला आणि जाग दीडला. गणित जुळतंय.

तुम्ही विचारता, शरीरालाच साखर हवी असणार ना? त्या पाच मिनिटांपुरती हवी असते, हे खरं. पण मागणी करणारी ती थरथर साडेअकराच्या गुळानेच आणलेली असते. तिच्यावर तुम्ही साखर टाकता, बरं वाटतं, आणि पुढच्या खेपेची तयारी होते. सावकाराचं व्याज फेडायला त्याच सावकाराकडून उसने घ्यावेत, तसं चाललंय.

अर्थात हे मी इथे बसून ताडतेय. पाळी जायच्या वयातही रात्री घाम फुटतो, तुमचा तर्क अगदीच चुकीचा नाही. पण घामामागे काय आहे ते मोजून कळतं. मधुमेहाच्या दिवसांतलं ग्लुकोमीटर कपाटात असेल, त्याच्या पट्ट्यांची तारीख बघा, नसतील तर नव्या आणा. पुढचे दहा दिवस तो उशाशी ठेवा. जाग आली की साखर तोंडात टाकायच्या आधी बोटाला टोचा आणि आकडा लिहा. शेजारी लिहा की शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता. खोटं लिहू नका, ते माझ्यासाठी नाही, सर्जनसाठी आहे.

आकडा ७० च्या खाली असेल तर तेव्हा साखर हेच औषध, तिथे तत्त्वज्ञान नको. तीन चमचे साखर किंवा तेवढंच ग्लुकोज थोड्या पाण्यात घ्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा. ७० च्या वर आलं की वाटीभर दही, पनीरचे दोन तुकडे किंवा उकडलेलं अंडं असं काहीतरी लगेच खा. नाहीतर तीच साखर दोन तासांनी पुन्हा खाली ओढेल. ५४ च्या खाली गेलं, बोलणं अडखळू लागलं, शुद्ध हरपतेय असं वाटलं, तर घरच्यांना उठवा आणि दवाखाना गाठा. दिवसा अशी थरथर आली तर स्कूटर बाजूला लावा, द्वारका सर्कलपर्यंत रेटू नका. आणि जेवणाशी काही संबंध नसताना, सकाळी उपाशीपोटी आकडा कमी दिसला तर त्याचं कारण वेगळं असू शकतं, तेही डॉक्टरांना मुद्दाम सांगा. खाण्यात बदल करून भागलं नाही तर यावर औषधं आहेत, ती त्यांनी द्यायची.

अजून एक, कारण लॅबमध्ये कुणी विचारत नाही. ग्लुकोजचं पाणी पाजून करतात ती साखरेची तपासणी कुणी लिहून दिली तर आधी सांगा की बायपास झालाय. त्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज एका दमात प्यायचं असतं. तुमची जिलबी त्यापुढे काहीच नव्हती.

सासूबाईंचा गूळ. त्यांचा हेतू चांगला आहे, पण गुळाचा बराचसा भाग ऊसाचीच साखर असतो. त्यातलं लोह वगैरे खड्याएवढ्या गुळात नावापुरतं. आतड्याला रंग दिसत नाही. मध, खडीसाखर, काकवी, सगळी एकाच घरची भावंडं. बेदाणे त्यांच्याच वरातीत बसतात: पिंपळगावचा अख्खा घोस वाळून मूठभर होतो, आणि आपण ती मूठ बोलता बोलता संपवतो. ताजी द्राक्षं मात्र मी तोडणार नाही. नाशिकमध्ये राहून फेब्रुवारीत द्राक्ष खाऊ नका म्हणणं मला जमत नाही. दहा-बारा, जेवण झाल्यावर, चावून. रस नको. उसाचा तर नकोच, ग्लासभर रसात पाच-सहा चमचे साखर सहज असते आणि ती पातळ असल्यामुळे सगळ्यात वेगाने धावते.

मुलीचं शुगर-फ्री. चहात टाकायची स्टिव्हिया किंवा सुक्रालोजची गोळी डंपिंग करत नाही, चालेल. पण ‘शुगर-फ्री’ मिठाई आणि चॉकलेटांच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल असेल तर पोट फुगेल आणि बाथरूमच्या वाऱ्या होतील. खजूर-अंजिराची बर्फी ‘साखर न घालता’ केलेली असते हे खरं, खजुरातच ती मुबलक असते हेही खरं.

चहाबद्दल तुम्ही निसटतं लिहिलंत, म्हणून मी थांबते. दिवसाला तीन कप आणि कपाला दोन चमचे धरले तर ३० ग्रॅम साखर झाली, १२० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या. तुम्ही आता दिवसाला हजार-बाराशे कॅलरी खात असाल, तर ५ टक्के म्हणजे १२ ते १५ ग्रॅम, फार तर तीन चमचे. ते चहातच संपतात, आणि त्या पोटात रोजची ६० ग्रॅम प्रथिनं बसवायची आहेत ती वेगळीच. मोठ्या हवेलीत एखादी अडगळीची खोली चालते, तुम्ही वन रूम किचनमध्ये राहायला गेला आहात.

बिस्किटाचंही सांगते. अर्धी पोळी खाल्ली की तुम्हाला भरल्यासारखं वाटत असेल. मग चार बिस्किटं कशी मावतात? कारण ती चहात बुडवली की त्यांचा लगदा होतो आणि लगदा त्या छोट्या कप्प्यात थांबतच नाही, घसरून जातो. पोट भरायच्या आत कॅलरी भरतात. दोन किलो वाढले ते मला यातूनच आलेले दिसतात. दोन किलोने जीव घाबरा करू नका. वर्ष-दोन वर्षांनी वजन तळाला टेकतं आणि मग थोडं वर येतं, हे बहुतेकांचं होतं. ते किती वर यावं हे मात्र या बिस्किटांच्या हातात असतं.

आयुष्यभर गोड बंद का?

खूप वर्षांपूर्वी मी याच प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर दिलं होतं. सिडकोतले एक गृहस्थ होते, ऑपरेशनला दोन महिने झाले होते. मी नवी होते, आवाजात दरारा होता. म्हटलं, साखरेचा कणही नाही, कधीच नाही. त्यांनी मान डोलावली आणि परत आले नाहीत. तीन वर्षांनी आले तेव्हा उतरलेल्यातलं निम्मं वजन परत आलेलं होतं. म्हणाले, मॅडम, नातवाच्या बारशाला एक पेढा खाल्ला, मग तुम्हाला तोंड कसं दाखवू? त्या एका पेढ्याने काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते तीन वर्षांत, लपून खाल्लेल्याने. तेव्हापासून मी ‘कधीच नाही’ म्हणत नाही.

तुम्हाला सांगते ते एवढं: गोड जेवणानंतर, बसून, चार माणसांत. उपाशीपोटी नाही, पातळ नाही, उभ्याने नाही, आणि अंधारात नाही. आधी प्रथिनं, मग भाजी, मग जागा उरली तर गोडाचे दोन घास, सावकाश. पोटात आधीच अन्न असलं की साखर त्यात मिसळून हळू सरकते. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. इतकं पाळूनही एखादा पदार्थ त्रास देईल. तो तेवढा सोडा, सगळं गोड वाळीत टाकू नका. सत्यनारायणाचा प्रसाद तळहातावर मावेल तेवढा, जेवणानंतर, बिनधास्त घ्या. सासूबाईंनाही तो नाकारल्याचं दुःख होणार नाही.

धोंड्याच्या जेवणाची मला पुरणापेक्षा कढईची भीती वाटते. तेहतीस अनारसे तळायचे म्हणजे दीड-दोन तास उभं राहायचं. त्यात एक तुटला, तो तोंडात. एक हसला, तो तोंडात. खसखस लागली का बघायला अर्धा. उपाशीपोटी, उभ्याने, न मोजता, सगळं एकदम. आपल्याकडे यावर जुना तोडगा आहे: वाणाचं, नैवेद्याचं आधी चाखायचं नसतं. तोच नियम त्या दिवशी कडक पाळा, तुटलेले अनारसे एका डब्यात टाका आणि डबा सासूबाईंकडे द्या. तळायला बसायच्या आधी वाटीभर मुगाची उसळ खाऊन घ्या. पंगतीत आधी कटाची आमटी, दही, मग अर्धा धोंडा तुपाबरोबर. त्यानंतर अनारशाचा एक तुकडा मावला तर मावला. जावयाच्या आग्रहाला काय म्हणायचं? ‘माझं झालं’ म्हणायचं. पोटाचा इतिहास सांगत बसू नका.

उरला साडेअकराचा प्रश्न. रात्री किती वाजता जेवता ते तुम्ही लिहिलं नाहीत. आठला जेवत असाल तर साडेअकराला खरी भूक लागू शकते. त्यावर दहीच खा, नाहीतर मूठभर फुटाणे नीट चावून, खुर्चीवर बसून, दिवा लावून. ते खाल्ल्यावर खड्याची आठवण गेली तर ती भूक होती. नाही गेली तर दुसरं काहीतरी होतं. दिवसभर कुणाचं ना कुणाचं ताट वाढून झाल्यावर अख्ख्या घरात तुमची एकटीची अशी ती पंधरा मिनिटं असतात, आणि त्या पंधरा मिनिटांचा सोबती वर्षानुवर्षं गोड होता, असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं. ऑपरेशन जठराचं होतं, त्या पंधरा मिनिटांचं कुणी केलं नाही. सर्जनच्या टीममध्ये समुपदेशक असतात, ऑपरेशनच्या आधी तुम्ही त्यांच्यापुढे बसला असाल. परत जा. लाजायचं कारण नाही, ओट्यापाशी उभं राहून खाणारी माणसं त्यांनी रोज पाहिलेली असतात.

आणि ह्यांना सांगा. ज्या माणसाने जिलबीच्या दिवशी तुम्हाला मागच्या सीटवर निजवून ईसीजीला नेलं, त्याला रात्री दोनला शेजारी काय चाललंय हे कळायला हवं. मीटर कसा वापरायचा तेही त्यांना शिकवून ठेवा.

पुढच्या वेळी मिसळीला जाल तेव्हा ऑर्डर देतानाच सांगा की जिलबी शेवटी आणा. मिसळीतली मटकी आणि दही आधी खा, तर्री बेताची, पाव ठेवा. जिलबीची प्लेट ह्यांच्यापुढे ठेवायला सांगा, आणि तुमचा तुकडा त्यांच्या प्लेटमधून घ्या.

तुमची,
ताई